प्लाझा चर्चमधल्या बाळ येशूची चोरी

फिर्याद: चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यातून बाळ येशूची मूर्ती नाहीशी. फिर्यादी: तिथले धर्मगुरू फादर रोहास. ठिकाण: लॉस एंजेलिस शहराच्या जुन्या चौकातलं मिशन चर्च. तारीख: २४ डिसेंबर १९५३, गुरुवार. मुद्देमालाची किंमत: मोजके डॉलर. संशयित: कोणी नाही. मुदत: नाताळच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनाविधीपर्यंत.

'ड्रॅगनेट' या अमेरिकी पोलीस मालिकेचा 'द बिग लिटल जीझस' हा भाग त्याच तारखेला, एनबीसी या वाहिनीवर दाखवला गेला. म्हणजे घरात बसलेला प्रेक्षक आणि पडद्यावरचे दोन पोलीस एकाच संध्याकाळकडे सरकत होते. खून नाही, पाठलाग नाही, बंदूक नाही. पाऊण शतकात पोलीस मालिकांनी नाताळचे असंख्य भाग केले. त्यातल्या बहुतेकांत सणासाठी पोलीसपण बाजूला ठेवलेलं असतं: एरवीचा कडक अधिकारी हळवा होतो, चोराला सोडून देतो, शेवटी बर्फ पडतो. या भागात पोलीस शेवटपर्यंत पोलीसच राहतात आणि तरीही गळा दाटून येतो. ते कसं घडतं, हे मला या प्रकरणाच्या निमित्ताने नीट उलगडून पाहायचं आहे. शेवटच्या एका वाक्याबद्दल माझी तक्रारही आहे. ती ओघाने येईलच.

आधी मालिकेविषयी थोडं. जॅक वेब हा तिचा कर्ता, दिग्दर्शक आणि नायक. १९४८च्या एका गुन्हेपटात त्याने पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची छोटी भूमिका केली. तिथे तांत्रिक सल्लागार म्हणून आलेल्या मार्टी विन या सार्जंटने त्याला सुचवलं की पोलिसांच्या खऱ्या तपासांवर काहीतरी कर. त्यातून ३ जून १९४९ला रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झाली आणि जानेवारी १९५२पासून ती दूरचित्रवाणीवर नियमित दिसू लागली. लॉस एंजेलिस पोलीस खात्याने आपल्या फायली दिल्या, त्या बदल्यात संहिता डोळ्यांखालून घातल्या. सुरुवातीला निवेदन येई: ही गोष्ट खरी आहे, निरपराधांना झळ पोचू नये म्हणून नावं तेवढी बदलली आहेत. शेवटी अमुक तारखेला अमुक न्यायालयात खटला चालला आणि आरोपीला अमुक शिक्षा झाली, हे कोरडेपणाने सांगितलं जाई. मधली पंचवीसेक मिनिटं म्हणजे दारं ठोठावणं, प्रश्न विचारणं, वहीत टिपणं. सार्जंट जो फ्रायडे, बिल्ला क्रमांक ७१४, आवाज न चढवता बोलतो. नटांनी अभिनयाचा आव आणू नये म्हणून वेब त्यांना टेलिप्रॉम्प्टरवरून, म्हणजे समोर सरकणाऱ्या अक्षरांच्या यंत्रावरून, संवाद वाचायला लावत असे. ऐकायला ही युक्ती भयंकर वाटते, पण या भागात तिचं सोनं झालं आहे. रडवणारी वाक्यं कोणी रडव्या आवाजात म्हणतच नाही.

तर फादर रोहास घरफोडी विभागाकडे फिर्याद देतात. दिवसपाळीला फ्रायडे आणि त्याचा जोडीदार फ्रँक स्मिथ (नट बेन अलेक्झांडर) आहेत. वसईत किंवा गोव्यात नाताळचा गोठा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मेरी, जोसेफ, मेंढपाळ, गाय-गाढव सगळे जागच्या जागी असले तरी गव्हाणीत बाळ नसेल तर त्या देखाव्याला अर्थच उरत नाही. इथे नेमकं बाळच गेलं आहे.

पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा. विचारायलाच हवा, नोंदीत तो रकाना असतो. फादर सांगतात, फार नाही, थोडे डॉलर. मग नवी आणता येईल की. हो, नवी आणता येईल, पण ती ही नसेल. आमच्या पॅरिशमध्ये, या चर्चच्या वस्तीत, मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना हाच येशू ठाऊक आहे. आणि लहानपणीच गेलेली मुलंही आहेत, त्यांनाही एवढाच ठाऊक होता. इथे येणारी माणसं साधी आहेत, त्यांना हा बदल समजणार नाही. संध्याकाळची चांदणी बदलावी तसं होईल ते.

आपल्याकडे गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी आणतात आणि पाण्यात सोडतात, म्हणून वरवर पाहता ही भावना परकी वाटेल. पण देवघरातल्या टाकांचा विचार करा. आजेसासूने सुनेला दिलेला, नाकडोळे झिजून गेलेला खंडोबाचा टाक हरवला तर सराफाकडून नवा चकचकीत टाक आणून कोणाचं समाधान होईल? संहितालेखक रिचर्ड ब्रीनने ही गोष्ट प्रवचन न करता, फिर्यादीच्या जबाबात बसवली आहे. नंतरच्या मार्चमध्ये त्याला एका बोटबुडीच्या चित्रपटासाठी विभागून ऑस्कर मिळालं. माझ्या मते त्याची खरी ताकद या साध्या दृश्यात दिसते. किमतीचा रकाना भरता भरता पोलिसांना कळतं की या रकान्यात मावणार नाही असं काहीतरी गेलं आहे, पण ते तसं बोलून दाखवत नाहीत. फ्रायडे इतकंच सांगतो की प्रयत्न करू.

याच बोलण्यात दुसरी एक देवाणघेवाण आहे. चर्चला कुलूप नसतं हे ऐकून फ्रायडेला आश्चर्य वाटतं: म्हणजे कोणीही चोर आत येऊ शकतो? फादरांचं उत्तर असं की चोरांसाठी तर ते खासच उघडं असतं. हे उत्तर चमकदार आहेच, पण त्याची एक कायदेशीर बाजूही आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतल्या कलम ४५९ प्रमाणे घरफोडीला कुलूप तोडावं लागत नाही. चोरीच्या इराद्याने वास्तूत पाऊल टाकलं की पुरे, दार सताड उघडं असलं तरी. म्हणूनच ही चिल्लर किमतीची बाब घरफोडी विभागात येते आणि दोन पोलीस दिवसभर तिच्यामागे लागू शकतात. दार उघडं ठेवणारा धर्मगुरू आणि उघड्या दारातूनही घरफोडी मोजणारा कायदा समोरासमोर आलेत. ब्रीनने हे ठरवून केलं की नाही, मला सांगता येणार नाही, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा ताण इथेच तयार होतो.

मग तपास. तो मालिकेच्या रोजच्या पठडीतला आहे आणि तसाच असायला हवा होता. मूर्ती कोणी विकायला आणली का, म्हणून धार्मिक वस्तूंच्या दुकानात चौकशी होते. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांना विचारलं जातं. त्यातला एकजण सांगतो की सकाळी एक माणूस हातात गाठोडं घेऊन बाहेर पडताना दिसला. नाव निघतं क्लॉड स्ट्रूप. तो सापडतो एका स्वस्त हॉटेलात, जिथे आयुष्यात मागे पडलेली माणसं खोल्या घेऊन राहतात. पोलिसांना पाहताच तो बिथरतो. प्रेक्षकाला वाटतं, सापडला. पण त्याच्या मनावर ओझं आहे ते निराळंच. उसन्या गाडीला किरकोळ धक्का बसल्याची भानगड त्याला छळते आहे आणि त्याचसाठी तो चर्चमध्ये गेला होता. गाठोड्यात मूर्ती नव्हती.

स्ट्रूपचा प्रसंग अनेकांना नुसता चकवा वाटतो, गोष्ट लांबवण्यासाठी घातलेला. मला तसं वाटत नाही. फादर म्हणाले होते की दार चोरांसाठी उघडं आहे, आणि खरोखरच त्या सकाळी त्या दारातून अपराधी मनाचा एक माणूस आत गेला होता. दार ज्यासाठी उघडं होतं ते काम त्याने चोख केलं. पोलिसांच्या दृष्टीने ही वाट खुंटली, एवढंच. मालिकेने इथे फ्रायडेला कोणतंही शहाणपणाचं वाक्य दिलेलं नाही, हे तिचं श्रेय. स्ट्रूपची सुटका होते आणि दिवस मावळतो.

दोघे चर्चमध्ये परत जातात, हात हलवत. फादरांना हे सांगणंही कामाचाच भाग आहे. आणि तेवढ्यात मागच्या दारातून चाकांचा आवाज येतो.

पाको मेंडोझा, सहा-सात वर्षांचा वाटावा असा पोरगा, लाल रंगाची खेळण्यातली ओढगाडी ओढत आत येतो. गाडीत बाळ येशू आहे. फादर त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलतात आणि पोलिसांना सांगतात: याने कितीतरी वर्षं लाल गाडी मागितली होती. या वर्षी थेट बाळ येशूलाच साकडं घातलं आणि शब्द दिला की गाडी मिळाली तर पहिली फेरी तुझी.

म्हणजे हा नवस होता आणि पोराने तो फेडला. मराठी वाचकाला इथे नामदेव आठवल्याशिवाय राहणार नाही. दामाशेटी गावाला गेलेले, गोणाईने नैवेद्याचं ताट हातात दिलेलं, आणि तो लहानगा विठ्ठलापुढे हटून बसलेला की तू जेवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मोठ्यांना ठाऊक असतं की देव नैवेद्य खात नाही, तो दाखवायचा असतो. नामदेवाला हे कोणी सांगितलेलं नाही. पाकोलाही कोणी सांगितलेलं नाही की मूर्ती गाडीत बसून फिरत नसते. दिलेला शब्द पाळायचा तर ज्याला दिला त्याला घेऊन जायला हवं. त्यात चोरी कुठे आली?

कायद्याच्या भाषेतही ती येत नाही. कॅलिफोर्नियातल्या चोरीच्या व्याख्येत वस्तू मालकाकडून कायमची हिरावून घेण्याचा इरादा लागतो. पाकोचा इरादा चौकाला एक फेरी मारून परत आणण्याचा होता. शिवाय तिथल्या कलम २६ प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला आपण करतो ते गैर आहे हे कळत होतं, असा स्पष्ट पुरावा असल्याशिवाय गुन्ह्यास पात्र धरत नाहीत. आपल्याकडचा कायदा याबाबतीत थोडा वेगळा चालतो. प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वस्तू थोड्या वेळापुरती हलवली तरी चोरी होऊ शकते, मात्र त्यामागे अप्रामाणिक हेतू हवा. ७ वर्षांखालचं मूल आपल्या कायद्यात गुन्हेगार ठरूच शकत नाही आणि ७ ते १२ या वयात त्याची समज पाहिली जाते. कोणत्याही मार्गाने गेलं तरी पाको सुटतो. मालिकेने हे एकाही वाक्यात समजावलेलं नाही, पण तपासाची सगळी चौकट या निकालाकडेच येते. पोलिसांनी दयेपोटी गुन्ह्याकडे काणाडोळा केला, असं इथे घडलेलंच नाही. गुन्हाच नव्हता. नाताळच्या इतर कथांपेक्षा ही कथा वेगळी ठरते ती याच जागी, आणि तिच्यातला गोडवा मला खोटा वाटत नाही तोही याचमुळे.

पाको घाबरलेला आहे. त्याला विचारायचं आहे की आता सैतान येऊन आपल्याला नरकात नेईल का. फादर हा प्रश्न पोलिसांच्या कानावर घालतात. फ्रायडेचं उत्तर मालिकेतल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी आहे: ते तुमचं खातं, फादर.

या वाक्यात फ्रायडेचा सगळा स्वभाव आला. दुसरा कोणी असता तर वाकून पोराच्या डोक्यावरून हात फिरवला असता, डोळे पुसले असते. फ्रायडे फक्त आपली हद्द सांगतो. माझ्या अखत्यारीत होतं ते संपलं, इथे माझं काम उरलेलं नाही. हुकमत गाजवायची सवय असलेल्या खात्याच्या माणसाने, लहान पोरापुढे, आपली हद्द कुठे संपते हे ओळखून मागे सरकणं यात जो हळुवारपणा आहे तो कुठल्याही कुरवाळण्यात आला नसता. एरवीच्या भागांचा शेवट शिक्षेच्या घोषणेने होतो. इथे शिक्षा सांगायला आरोपीच उरलेला नाही.

या मालिकेला भाबडी म्हणणाऱ्यांनी तिचा आदल्या वर्षीचा नाताळही पाहावा. १९४९च्या डिसेंबरात रेडिओवर आणि १८ डिसेंबर १९५२ला पडद्यावर आलेल्या त्या भागात नाताळची भेट म्हणून घरात आणून ठेवलेली .२२ रायफल आहे. ती मुलांच्या हाती वेळेआधी लागते, आणि दोन मित्रांपैकी एक जिवंत राहत नाही. फ्रायडे तिथेही असाच वागतो, तेच सपाट प्रश्न, तीच वही. शेवटी मेलेल्या मुलाचे वडील, आपल्या पोरासाठी आणलेल्या भेटी त्याच्या मित्राला नेऊन देतात. बंदूकप्रेमींच्या संघटनेला तो भाग रुचला नाही आणि तिने निषेध केला. म्हणजे त्याच चमूने, त्याच पद्धतीने, एका नाताळात पोर गमावण्याची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्यात हरवलेलं बाळ परत येण्याची. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यावर कळतं की पाको आत येतो तेव्हा फ्रायडेच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटकेचा भाव का आहे. हरवलेल्या लेकराच्या फिर्यादींचा शेवट बहुधा कसा होतो, हे त्याला ठाऊक आहे.

तांत्रिक बाजू थोडक्यात. अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची नवी पद्धत १७ डिसेंबर १९५३ला मंजूर झाली आणि आठवड्याभरात हा भाग रंगात दाखवला गेला. ज्या गोष्टीचा कळस एका लाल गाडीवर आहे तिला रंग मिळावा हे छानच झालं, जरी त्या दिवशी रंगीत संच असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी असणार. त्याच आठवड्यात ती रेडिओवरही झाली. मालिका १९६७ला पुन्हा सुरू झाली तेव्हा २१ डिसेंबरला 'द ख्रिसमस स्टोरी' या नावाने हीच संहिता नव्याने चित्रित झाली. आता जोडीदार बिल गॅनन (हॅरी मॉर्गन) होता आणि वेदीसेवकाच्या भूमिकेत बॅरी विल्यम्स, जो पुढे एका कौटुंबिक मालिकेने अमेरिकाभर ओळखला गेला. ब्रीन त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारला होता. फादर रोहास मात्र दोन्ही वेळा हॅरी बार्टेलनेच केला, मध्ये १४ वर्षं लोटलेली. दोन्हींत निवड करायची तर मी जुना भाग निवडेन. १९६७ची आवृत्ती आपण एक अभिजात गोष्ट सांगतो आहोत याची जाणीव ठेवून चालते. जुनीला ते अजून माहीत नाही. पण बार्टेलसाठी नवी पाहावी. वय वाढल्याने मूर्तीबरोबर मोठ्या झालेल्या मुलांविषयीचं त्याचं बोलणं अधिक खरं वाटतं.

आता ती तक्रार.

पाकोला नाताळच्या आधीच गाडी कशी मिळाली, हे पोलिसांना उमगत नाही. फादर सांगतात की अग्निशामक दलाचे लोक जुनी खेळणी दुरुस्त करून गरीब मुलांना देतात, ही त्यातलीच. पाकोच्या घरची माणसं गरीब आहेत. त्यावर फ्रायडे विचारतो: आहेत का, फादर? आणि भाग संपतो.

प्रेक्षकाला काय समजायचं आहे ते उघड आहे. ज्या घरात असं पोर आहे ते घर गरीब कसं? वाक्य सुंदर आहे, वेब ते हलक्या आवाजात म्हणतो, आणि पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुन्हा पुन्हा पाहताना मला ते टोचतं. फादरांनी एक वस्तुस्थिती सांगितली होती. सत्यापलीकडे एक शब्द नको म्हणणारा हा पोलीस नेमक्या त्या क्षणी ती वस्तुस्थिती नाकारतो. हो, पाकोच्या घरची माणसं गरीब होती. नवी गाडी घेता येत नव्हती म्हणूनच पोरगा वर्षानुवर्षं देवाकडे मागत होता.

आणि हे चर्च काल्पनिक नाही. लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकासमोर, ओल्व्हेरा स्ट्रीटला लागून, ते आजही उभं आहे. लोक त्याला ला प्लासिता म्हणतात. शहर १७८१ला ४४ वसाहतकारांनी वसवलं, हे चर्च १८२२ला वापरात आलं, आणि अमेरिकेने हा मुलूख ताब्यात घेतला तो १८४८ला. म्हणजे फादर ज्यांना साधी माणसं म्हणतात त्या स्पॅनिश बोलणाऱ्यांचं हे चर्च त्या देशाच्या तिथल्या सत्तेहून जुनं. तरी याच चौकात २६ फेब्रुवारी १९३१ला दुपारी स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या मदतीने सुमारे ४०० लोकांना घेरलं आणि कागदपत्रं मागितली. मंदीत नोकऱ्या नव्हत्या आणि मेक्सिकन माणसांना हुसकून लावायचं ठरलं होतं.

त्याहून जवळची गोष्ट १९५१ची. २४ डिसेंबरच्या रात्री एका बारमध्ये पोलीस आणि काही तरुणांची मारामारी झाली. सात तरुणांना पकडलं, त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे. मध्यवर्ती ठाण्यात पोलिसांची नाताळची पार्टी चालू होती. अफवा पसरली की एका पोलिसाचा डोळा जाणार. २५च्या पहाटे दारू प्यालेल्या पोलिसांनी कोठडीतल्या तरुणांना आळीपाळीने मारलं, दीड तासाहून अधिक वेळ. भाग घेणाऱ्यांचा आकडा ५०च्या घरात होता. पुढे ८ पोलिसांवर आरोप ठेवले गेले, त्यांतले ५ दोषी ठरले. ३९ जणांना निलंबित केलं, ५४ जणांच्या बदल्या झाल्या. शहराच्या इतिहासात या रात्रीला 'ब्लडी ख्रिसमस' म्हणतात. खात्याचे प्रमुख होते विल्यम पार्कर, आणि तेच पार्कर जॅक वेबच्या मालिकेचे खंदे पाठीराखे होते.

दोन वर्षांनी, त्याच सणाच्या संध्याकाळी, त्याच खात्याचे दोन पोलीस एका मेक्सिकन वस्तीतल्या चर्चमध्ये टोप्या काढून उभे आहेत आणि एका मेक्सिकन पोराकडे हळुवारपणे पाहत आहेत. हा भाग त्या रात्रीवर पांघरूण घालायला लिहिला, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि ब्रीनच्या लेखणीत माया खरी आहे. पण त्या शहरात राहणाऱ्या एखाद्या मेक्सिकन आईने तो पाहिला असेल तर तिला १९५१ आठवलं असणारच, आणि आपणही तो आठवूनच पाहायला हवा. माझ्या लेखी त्याने या भागाची किंमत कमी होत नाही. उलट फ्रायडेचं 'ते तुमचं खातं' अधिक मोलाचं वाटतं, कारण हद्द न ओळखणारे पोलीस काय करतात हे त्या शहराने नुकतंच पाहिलं होतं. पडद्यावर दिसतो तो त्या खात्याने कसं असायला हवं याचा नमुना, आणि तो नमुना खात्याच्याच पाठिंब्याने साऱ्या देशापुढे मांडला गेला. लोकांनी मग त्याच मापाने खात्याला मोजलं तर त्यात वावगं काय?

शेवटचं वाक्य मात्र या मापात बसत नाही, कारण ते गरिबीला पोराच्या निरागसतेने झाकून टाकतं. त्याऐवजी मला फादरांचं वाक्य शेवटी हवं होतं. दुरुस्त केलेली खेळणी, अग्निशामक दलाचे हात, गरीब घर, एवढं सांगून थांबलं असतं तरी पोराचा नवस तितकाच उजळ राहिला असता. लॉस एंजेलिसमध्येच १९४७ला मरीन कोअर या अमेरिकी सैन्यशाखेच्या राखीव दलातल्या बिल हेंड्रिक्स यांनी गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करायला सुरुवात केली होती, आणि ती मोहीम आज देशभर चालते. मूल गोड आहे म्हणून ते घर गरीब नाही, असं हेंड्रिक्सना वाटलं असतं तर एकही खेळणं कोणाच्या घरी पोचलं नसतं.

ला प्लासिताला पुढे एक खरे धर्मगुरू मिळाले, क्लॅरेशियन या कॅथलिक धर्मसंघाचे फादर लुइस ओलिव्हारेस. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून पळून आलेल्या निर्वासितांना सरकार परत पाठवत होतं तेव्हा, १२ डिसेंबर १९८५ला, ग्वादालुपेच्या मातेच्या (मेरीच्या मेक्सिकन रूपाच्या) सणादिवशी, त्यांनी या चर्चला आश्रयस्थान जाहीर केलं. दोन वर्षांनी कागदपत्रं नसलेल्या सर्वांनाच त्यात घेतलं. रात्री चर्चच्या आवारात माणसं झोपू लागली, त्यांना जेवण दिलं जाऊ लागलं, आणि स्थलांतर खात्याने कारवाईच्या धमक्या दिल्या तरी दार लावलं गेलं नाही. ओलिव्हारेस १९९३ला वारले. 'ड्रॅगनेट'मधल्या फादर रोहासांनी चोरांसाठी उघडं ठेवलेलं दार याच वास्तूचं होतं. ओलिव्हारेस यांच्या काळात त्या दारातून येणाऱ्यांना गरीब आहात का, असं कोणी विचारलं नाही. ते गरीब होते हे उघड होतं, आणि त्यांना आधी अन्न आणि अंथरूण दिलं गेलं.